पाठमोरे काका

हसू नका हां, सांगतो. परवा एक रील आली. कुठल्याशा टॉवरच्या पॅसेजमध्ये एक काका दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत, चाळीतल्या गॅलरीत बसायचे तसे. लिफ्ट उघडली की उठून उभे राहतात, आलेला माणूस दुसऱ्या दारात गेला की परत बसतात. सगळं पाठमोरं शूटिंग, वर कॉमेडी म्युझिक. मीपण कमेंट ठोकली, “काकांना घरात घेत नाहीत वाटतं!” धडाधड लाईक आले.

संध्याकाळी बहिणीचा फोन. “दादा, ते आपले बाबा आहेत रे!”

परळला चाळीच्या जागी टॉवर झाल्यापासून मी तिकडे एकदाच गेलोय, वास्तुशांतीला. बाबांना फोन लावला. “सॉरी बाबा, ओळखलंच नाही मी.”

“असू दे रे. मी तर लिफ्टमधनं कोणीही आलं तरी तूच समजतो.”