कदिरवनची पायरी

काढ की फोटो, विचारायचं काय त्यात? कोलू मांडतात तो लोकांनी बघावा म्हणूनच. फ्लॅश तेवढा नको, देवीच्या डोळ्यांवर जातो असं माझी सासू म्हणायची – म्हणजे तेव्हा फ्लॅश नव्हता, ती कंदिलाबद्दल म्हणायची – आणि चपला दाराबाहेरच राहू देत, कोण नेतंय, इकडे हल्ली मांजर सुद्धा फिरकत – होंदे, असू दे. बस. त्या खुर्चीवर नको गं, ह्या बाजूला ये, इथे पंखा लागतो. तिकडून आतल्या खोलीचं दार दिसतं, पसारा आहे तिथे. तिसऱ्या मजल्यावरची ना तू, नवी भाडेकरू? निधी. लिफ्टमध्ये आईशी मराठीत भांडत होतीस, तेव्हाच म्हटलं, ह्या पोरीला कोलूला बोलवायचं. हसतेस काय? आमचं मराठी असंच. तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली, शब्द तेव्हाचे, सूर तमिळ, आणि भांडण दोन्हींत येतं. ‘अस्कं’ म्हणजे सगळं. एवढं लक्षात ठेव, बाकी अस्कं कळेल तुला.

तर हे असं असतं. तुमच्याकडे गौरीपुढे आरास करतात ना, तसंच समज. नवरात्रात ह्या पायऱ्या मांडायच्या, पायऱ्यांवर बाहुल्या, आणि संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका येणार, एखादं गाणं म्हणणार, आपण कुंकू लावायचं, सुंडल द्यायचं, विडा द्यायचा. सुंडल म्हणजे हेच तू खातेस ते – हरभरे उकडून, वरती खोबरं. वाढू अजून? घे गं, भरपूर आहे, टोपभर आहे. सर्वांत वरती देव, खाली संत, त्याखाली राजे – मिशीवाले ते आमचे तंजावरचे. आणि मग माणसं. आणि माणसांत अगदी मधोमध, हो, तोच – कदिरवन! लाजतेस कशाला? देवीला हात जोडायच्या आधी तू त्याच्याकडे बघितलंस, मी काय आंधळी आहे? आपल्या टीमचा फास्ट बॉलर, अख्ख्या चेन्नईचा लाडका, त्याच्याकडे नाही बघणार तर कोणाकडे? कांचीपुरमच्या मातीचा आहे हं. ती फायनल जिंकली त्या वर्षी मयिलापूरला रस्त्यावर घेतला. दुकानदार म्हणाला, अम्मा, कृष्णापेक्षा हा जास्त खपतो.

नियम असा की बाहुली एकदा मांडली की हलवायची नाही. शेवटच्या रात्री एक बाहुली आडवी करायची – म्हणजे कोलू झोपला, संपला, आता कोणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी अस्के पेटीत. चांगला नियम आहे. पण तो केला तेव्हा बातम्यांचे चॅनल नव्हते ना! आता मी काय करू? हा काळ्या चष्म्याचा बघ, हा नट. गेल्या नवरात्रात ह्याची गाडी कोणाच्या तरी अंगावर गेली, पोलिसांनी धरला. आमची तुळजा – सेक्रेटरी गुंडोरावांची बायको, पहिल्या मजल्यावर – ती म्हणाली, अक्का, खुन्याला राजांच्या खाली बसवता? खाली घ्या त्याला. घेतला खाली, चेट्टियार वाणी आणि त्याच्या सामानाच्या शेजारी. दोन दिवसांत जामीन! कोर्टाबाहेर फटाके, कटआउटवर दुधाचा अभिषेक, आणि तुळजा डोळ्यांना पदर लावून – अक्का, किती वाळलाय हो तो, वर घ्या बिचाऱ्याला. घेतला वर. ज्याच्या अंगावर गाडी गेली त्याची बाहुली मिळत नाही बाजारात. मी विचारून बघितलं होतं.

आणि हा सूटवाला, हा कुठल्याशा देशाचा अध्यक्ष. आधी त्याने आपल्या देशाची स्तुती केली तेव्हा गुंडोरावांनी स्वतः आणून दिला, म्हणाले, मधोमध ठेवा. मग तो आपल्याबद्दल काही वाकडं बोलला, तर गुंडोराव म्हणाले, आजपासून आमच्या घरात त्या देशाचं चीज बंद! अगं, त्यांच्या घरात चीज कधी आलंच नव्हतं. त्यांना दूधसुद्धा पचत नाही. पण बंद ते बंद, आणि हा खालच्या पायरीवर. ग्रुपवर ठराव टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले, मी पण दिला. द्यावा लागतो, नाही दिला तर विचारतात, सरोजाक्का, तुमचं काय म्हणणं आहे? माझं काय म्हणणं असणार? ही तंजावरची मान हलवणारी बाहुली बघ – हिला नुसता वारा लागला तरी हो हो करते. बिल्डिंगमध्ये राहायचं तर मानेला स्प्रिंग पाहिजे.

आता ह्या कदिरवनचं म्हणशील – तुला तर अस्कं माहीतच असेल, तू त्याची फॅन. नीट नाही माहीत? तुम्ही मुली नुसती रीलं बघता. अगं, खेळाडूंची लघवी तपासतात ना, कसली इंजेक्शनं घेतलीत का ते बघायला. ह्याने घेतली होती. मग तपासायचे लोक येणार कळल्यावर ह्याने काय करावं? टीममध्ये एक फिजिओ होता, खांदे-गुडघे बघणारा, त्याच्या हातात बाटली दिली – तू दे तुझी, मी माझी म्हणून देतो. आणि तो फिजिओ असा शहाणा, बाटली परत केली आणि थेट बोर्डाला कळवलं. झालं! कदिरवनला दोन वर्षं बंदी.

मग काय विचारतेस! फायनलनंतर ज्या पोरांनी ह्याच्या कटआउटवर दुधाचे हंडे ओतले होते ना, तीच पोरं रस्त्यावर. मला वाटलं कदिरवनला शिव्या देतील. एक दिवस दिल्या हं, खोटं कशाला बोलू, एक दिवस त्याच्या कटआउटला चप्पल मारली. मग त्याने गाडीत बसून रडतानाचा व्हिडिओ टाकला, आई आजारी आहे म्हणाला, देवाला सगळं माहीत आहे म्हणाला. संपलं. तीच चप्पल त्या फिजिओच्या फोटोला. टीव्हीवर सहा माणसं तासभर लघवीवर बोलत होती, मी जेवत होते, ताट उचलून आत गेले. आणि गुंडोराव जिन्यात उभे राहून काय म्हणाले? म्हणाले, माणसं देशासाठी रक्त देतात, ह्याला एवढंसं देववलं नाही? सगळे हसले. मी पण हसले. हसायचंच होतं ते, तू पण हसलीस बघ.

मी तर म्हणते – थांब, दार जरा पूर्ण उघडते, वारा येऊ दे, जिन्यात कोणी असलं तर त्यांनाही ऐकू दे – मी तर म्हणते, चूक केली त्या फिजिओने! मोठ्या माणसाने विश्वासाने काही मागितलं तर असं करतात? ज्या टीमचं मीठ खाल्लं तिच्यावर उलटायचं? गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? नोकरी राहिली असती, शहरातली खोली राहिली असती, घरमालकाने सामान जिन्यात टाकलं नसतं. त्यात त्याचं ते स्टीलचं ताट होतं, मुंजीतलं, ते पण – म्हणजे असेल, असं काही असतंच ना माणसाकडे. आणि चौकशीला बोलावलं तर पाय हलवत बसला. टीव्हीवाले म्हणाले, बघा, पाय हलतोय, खोटं बोलतोय. अगं, उलटं आहे! खरं बोलताना हलतो त्याचा पाय. पाचवीत मास्तरांनी विचारलं, काच कोणी फोडली, तर स्वतःच उभा राहिला आणि पाय हा असा लटलट – पेपरात आलं होतं. कुठल्या पेपरात? आता मला काय माहीत, तमिळ पेपरात. तमिळ पेपरात अस्कं येतं.

सुंडल खा गं. हात का थांबला?

इतर बायका? येतील ना. नाही, आज नाही आल्या. काल – काल पण नाही. त्याचं कारण वेगळं आहे, माझीच चूक झाली, सांगते. बंदीनंतर ह्याची मुलाखत लागली ती नवरात्राच्या पहिल्याच संध्याकाळी, हॉलमध्ये टीव्ही चालू, मी पायऱ्यांवर दिवा लावत होते. हा कदिरवन त्या टीव्हीत म्हणतो, तो फिजिओ माझ्यावर जळतो, त्याने पैसे मागितले. पैसे! माझं डोकंच फिरलं. ही बाहुली उचलली आणि आडवी केली, तोंड खाली करून. पडून राहा म्हटलं मेल्या. आणि नेमकी त्याच वेळी तुळजा दारात, कुंकवाची कुयरी घेऊन. तिने काय बघितलं? बाहुली आडवी. म्हणजे कोलू झोपला! पहिल्याच दिवशी! तिने उंबऱ्यावरूनच पाय मागे घेतला आणि बिल्डिंगभर सांगितलं, सरोजाक्काचा कोलू संपला, जाऊ नका. म्हणून येत नाहीत. गैरसमज. दुसरं काही नाही, तू मनात काही आणू नकोस. मी लगेच उभा केला गं त्याला, नुसता उभा नाही, इथे मधोमध आणला, नटाच्याही वर, हार घातला, फोटो काढून ग्रुपवर टाकला – कोलू चालू आहे, सर्वांनी यावे. अंगठा सुद्धा नाही आला. गुंडोरावांच्या चीजला चाळीस अंगठे आले होते.

रोज हरभरे भिजत घालते. रोज वाटतं, आज येतील. गाव म्हटलं की चार तोंडं असायचीच, आज रागावतील, उद्या विसरतील. नट वर गेला, अध्यक्ष खाली आला, मग आपलं एक घर ते किती दिवस लक्षात ठेवणार? पण लोक मोठ्यांचं विसरतात गं. लहानाचं लक्षात ठेवायला त्यांना सोपं जातं.

ती खालची जागा? हो, रिकामी आहे. तिथे बाग असते, मोहरी पेरून हिरवळ करतात, ताटात पाणी घालून तळं, काडेपेटीची घरं. माझा मुलगा करायचा. लहान होता तेव्हापासून दर वर्षी, अगदी नोकरी लागल्यावरही एक दिवस सुट्टी काढून येऊन करायचा. ह्या वर्षी नाही केली. घरी नाही, म्हणजे आहे, पण –

ते? ते काही नाही, टीव्ही आहे. टीव्ही बंद आहे होय? मग शेजारचा असेल. भिंती पातळ आहेत इथे, शेजारी खोकला तरी... खोकतोय ना, आठ दिवस खिडकी बंद करून बसला तर खोकणारच. खिडकीखाली पोरं ओरडतात म्हणून बंद करतो. मी ताट दारापाशी ठेवते. भात खातो, सुंडलला हात लावत नाही. मी म्हटलं, खा रे, आवडतं ना तुला, तर आतून म्हणतो, अम्मा, ते येणाऱ्यांसाठी आहे.

काय नाव? श्रीवत्स. ऐकलंस ना? ऐकलेलंच असणार, तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. हो. तोच. तोच तो, बाटलीवाला. पाय हलवणारा. माझा आहे.

आणि मी जिन्यात हसले. त्याची पाठ त्या दारामागे होती आणि मी बाहेर हसले. रोज संध्याकाळी दार उघडून मोठ्याने म्हणते, चूक केली, चूक केली – बायका याव्यात म्हणून. त्याला ऐकू जात नसेल? भिंती पातळ आहेत. मीच सांगितलं ना तुला आत्ता.

तू उभी का राहिलीस? विडा घ्यायचाय अजून. बस. बस गं, एवढं काय – तो फोन कशाला वर केलास? बाहुली इकडे आहे. देवी इकडे आहे. तिकडे आतलं दार आहे. नाही, एक फोटो पण नाही. लांबून पण नाही. व्हिडिओ तर – फोन खाली कर. खाली कर म्हणते ना. तुझ्या मैत्रिणींना दाखवायला माझा मुलगा बाजारात नाही मिळत.

पुढे ये. कुंकू लावून घे. दारी आलेल्या मुलीला मी रिकामी पाठवत नाही, तू कोणासाठी आलीस ते तुझं तू बघ. हा विडा. हा हळदकुंकवाचा पुडा. आणि हा, हारासकट, घेऊन जा. घे की! ह्याच्यासाठीच आली होतीस ना? जपून धर, हात एकदा तुटलाय त्याचा, चिकटवलेला आहे. नको? होंदे. मग इथेच झोपू दे. हे बघ, आडवा केला. तोंड खाली. नीट बघून घे आणि जाताना पहिल्या मजल्यावर सांग, सरोजाने बाहुली झोपवली, कोलू संपला. आणि तुळजाला म्हणावं, ह्या वेळी चुकून नाही.

चपला तिकडे. जा.

दार? ओढू नकोस. सताड उघडं राहू दे ते, मला मोठ्याने बोलायचंय.

वत्सा! ए वत्सा! बाहेर ये. सुंडल गरम करते. खोलीत नाही, इथे हॉलमध्ये वाढते तुला.