आणखी एक प्रूफ

दवाखान्याच्या बाकावर एक शिंपी आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारी एक प्रकाशक आणि आत खाटेवर असलेल्या लेखकाची बायको बोलत होती. ऐकायचं नव्हतं त्याला, पण कान काही मिटता येत नाहीत.

"कसे आहेत, वहिनी?"

"प्रूफं तपासत होते तोवर बरे होते हो. लाल पेन हातात घेऊन उठून बसायचे, दोन घास खायचे. आता भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात."

"पुस्तक छापून आलंय. पिशवीत पहिली प्रत आहे. देऊ नेऊन?"

"अजिबात नको! पुस्तक हातात पडलं की मी डोळे मिटायला मोकळा, असं रोज म्हणतात. तुम्ही आणखी एक प्रूफ आणा."

"अहो, त्यांनीच सगळ्या चुका काढल्यात. एकही उरली नाही."

"मग चार घालून आणा, भाऊजी."