जितकी गावं तितके खूरी

एकच घराणं? जगभरचे सगळे खूरी एकाच आजोबाची पोरं, आणि तो आजोबा आमच्या ऐन तूत गावचा? – कोणी सांगितलं तुला हे, विमानात शेजारी बसलेल्याने? नाही, थांब, तो कागद इथे पसरू नकोस, आत्ता टेबल पुसलंय मी. हातातच धर. अगं बाई, केवढं हे झाड! पानापानावर एकेक खूरी. साओ पावलोचे खूरी, झहलेचे खूरी, होम्सचे – आणि हा नाझरेथचा कशाला चढवलास इथे? त्याच्या बापजाद्यांनी आमची दरी कधी डोळ्यांनी पाहिली नसेल. वर्षानुवर्षं लागली म्हणतोस हे जमवायला? लागली असतील. उद्योग नसला की लागतात. आजी नको म्हणूस मला, मी तुझी आजी नाही. खूरिये म्हण, सगळं गाव म्हणतं. बस त्या बाकावर. कॉफी पी, आणि नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही.

खूरी म्हणजे पाद्री, आणि खूरिये म्हणजे त्याची बायको. बस, एवढंच. गाव असलं की चर्च आलं, चर्च आलं की पाद्री आला, आणि आमच्याकडचा पाद्री लग्न झालेला, संसारी माणूस – त्याला पोरं होणारच. गाव म्हणतं, ती बघ, खूरीची पोरं चालली. झालं तुझं आडनाव. आधीचं जे काही असेल ते पुसलं गेलं. म्हणजे जितकी गावं तितके खूरी, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही! लोहाराच्या पोरांना हद्दाद म्हणतात, मग जगातले सगळे लोहार काय सख्खे भाऊ? जा, बेरूतच्या बाजारात उभा राहा आणि 'ए खूरी' म्हणून हाक मार, निम्मा बाजार मागे वळून बघेल. सीरियात मार, जॉर्डनमध्ये मार, तुझ्या ब्राझीलमध्ये मार. तुझ्या पासपोर्टावर तर कुरी लिहिलंय म्हणालास ना मघाशी? तेही चालतं. काहीही चालतं. आणि शब्द तरी धड आपला आहे का – आमचे अबूना, माझा नवरा, पाद्रीला अबूनाच म्हणायचं, प्रत्येक पाहुण्याला हे ऐकवायचे, मला पाठ झालंय – मुळात ग्रीकांचा, तिथून सिर्यानी भाषेत, तिथून आपल्या तोंडी. खेड्यातला बिशप, असा काहीतरी अर्थ. खेड्यातला, हे लक्षात ठेव. शहरातला सोन्याच्या काठीचा बिशप वेगळा. हा आठवडाभर शेतात राबणारा आणि रविवारी नखातली माती काढून वेदीपुढे उभा राहणारा. नावाचा अभिमान बाळगायचा असेल तर त्या मातीचा बाळग.

तुमचा तो पहिला खूरी – हो, तो होता इथलाच, ते मी नाकारत नाही, नाकारता आलं असतं तर फार बरं झालं असतं – मितरी त्याचं नाव, आणि तो खेचरं हाकायचा. तोंड वाकडं करू नकोस, खेचरं प्रामाणिक असतात. तुमच्या घराला गाव तेव्हा खेचरवाले म्हणायचं. मठात धान्य पोचवता पोचवता कुठल्या तरी भिक्षूकडून स्तोत्रं वाचायला शिकला, आणि गावचा पाद्री वारला तेव्हा वाचता येणारा तो एकटाच निघाला. दाढी वाढवली, काळा झगा चढवला, आणि एका रविवारात खेचरवाल्यांचे खूरी झाले. खेचर मात्र तेच राहिलं, त्याच्यावरूनच तो मयतांना जायचा. हे लिही की तुझ्या झाडाखाली! लिहिणार नाहीस. तुला तिथे राजवाडा हवा होता.

आता ते दुसरं काढ. काढ, काढ – आल्यापासून पिशवीतून डोकावतंय, मी म्हातारी आहे, आंधळी नाही. शुक्रीने सगळं सांगितलंय मला. चर्चच्या समितीत तो आल्यापासून त्याच्या पोटात काही राहत नाही. हं. हे होय ते खूरी भवन. काच काय, संगमरवर काय. इथे झाड रंगवणार भिंतीवर? छान. इथे जेवणावळी? छान. आणि गाड्या इथे लावायच्या. – बरं, माझं घर कुठाय यात? बोट ठेव ना. ठेव. – हे? या पांढऱ्या गाडीच्या खाली? म्हणजे माझी चूल साधारण तिच्या मागच्या चाकाशी येईल.

अरे, मग सरळ सांगायचं होतंस, खूरिये, तुझं घर पाडायला आलोय! मिठाईचा डबा काय, नावाचा उगम काय, पूर्वज काय! घर माझं नाही, हे मला कोणी शिकवायला नको. घर चर्चचं, त्यात पाद्री राहतो, पाद्री मेला की पुढचा पाद्री येतो. आता पुढचा कोणी आलाच नाही त्याला मी काय करू? खालच्या गावचा एक येतो रविवारी मोटारीतून, धूप विझायच्या आत परत जातो. म्हणून बिशप म्हणाले, खूरिये आहे तोवर राहू दे तिला. आणि आता तू थैली सोडलीस, तर तेच बिशप म्हणतात, खूरिये स्वतःहून हो म्हणाली तर हरकत नाही. म्हणून तू इथे. पिस्त्यांची मिठाई घेऊन. मला दात नाहीत, शुक्रीने ते नाही सांगितलं?

नन्सचा आश्रम. हो, ऐकलंय. खोली स्वच्छ, जेवण वेळेवर, खिडकीतून समुद्र दिसतो. काय करायचाय मला समुद्र? समुद्र मला एकदाच बघायचा होता, तोही ओलांडताना – ते जाऊ दे. तुला काय वाटलं, हे घर मला फार प्यारं आहे? थुंकते मी या घरावर. ती उत्तरेकडची भिंत बघ, मी इथे राहायला आले तेव्हापासून ओली आहे. चुलीचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत येतो. हिवाळ्यातल्या पावसात छत गळायला लागलं की मी वर चढून माती दाबायला दगडी रूळ फिरवायचे, कारण पाद्रीने झगा सावरत छतावर चढणं बरं दिसत नाही म्हणे. आणि दर शनिवारी पीठ! चर्चचा प्रसादाचा पाव पाद्रीच्या बायकोने करायचा. मळा, ठसा उठवा, भाजा. ताप असो, सूज असो, घरात कोणी मेलेलं असो. लोकांनी तेल-गहू आणून दिले तर खायचं, नाही दिले तर अबूनांनी हसायचं आणि मी शेजारून मागून आणायचं. खूरी तो, आणि पीठ माझं. सांग बघू, तुझ्या या झाडावर एक तरी खूरिये आहे? एकसुद्धा बाई नाही. मितरीपासून खाली सगळे पुरुष. पुरुषांपासून पुरुष होत गेले, आमच्या बायबलातही इतके चमत्कार नाहीत.

काय? अबूनांचं नाव घालणार? कुठे घालणार, या गाडीवर? अबूना तुमचे नव्हेतच. ते हल्लाक, न्हाव्याच्या घरातले. जिर्यस हल्लाक. पाद्री झाले आणि खूरी झाले, पण तुमचे खूरी नव्हेत, नवे खूरी. आम्हाला पोरं असती तर गावात दोन खूरी झाले असते, जुने आणि नवे, आणि भांडले असते एकमेकांशी, मजा आली असती. पोरंच नाही झाली. – एक झाला होता. जिर्यसने स्वतः बाप्तिस्मा केला त्याचा, घाईघाईने, याच खोलीत, कढईतल्या पाण्याने. इलियान. इलियान खूरी. आमच्या बाजूचा तेवढाच एक खूरी. – कॉफी संपव, गार होतेय. सहानुभूतीचं तोंड करू नकोस, मी तुला त्याकरता नाही सांगितलं. का सांगितलं तेच कळत नाही.

नाव कुठून आलं विचारतोस ना? मग हे लिहून घे, हे कोणी लिहीत नाही. लग्न झालेल्या माणसाला पाद्री करायचं असलं की बिशप आधी त्याच्या बायकोला विचारतो. हो, बायकोला! सगळ्यांच्या देखत. तुझ्या मितरीच्या बायकोलाही विचारलं असणार. ती नाही म्हणाली असती तर तू आज साओ पावलोत खेचरवाला म्हणून मिरवला असतास. मलाही विचारलं. लग्नाला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. माझे दोघे भाऊ तुझ्याच देशात, त्यांनी आम्हा दोघांची तिकिटं पाठवलेली, ट्रंक भरून झालेली, मी तिच्यावर बसून जिर्यसला म्हणायचे, उद्याच जाऊ या. आणि इकडे पाद्री वारले. जिर्यसचा आवाज गोड, झालं, सगळं गाव आमच्या दारात. बिशप आले. सासूने नवी सतरंजी घातली. बिशप मला म्हणाले, मुली, तुझ्या नवऱ्याने पाद्री व्हावं याला तुझी संमती आहे का?

आणि मला नाही म्हणायचं होतं. समजतंय का तुला? नाही. पण बिशपच्या तोंडावर धाडकन नाही कसं म्हणायचं, म्हणून मी चांगलंसं वाक्य जुळवत होते – स्वामी, माझे भाऊ बंदरावर येऊन वाट बघतील, असं काहीसं – जुळवतेय, जुळवतेय, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे सासूने जीभ लवलवत लुलुलुलू सुरू केलं! लग्नात करतात तसं! तिच्यामागून सगळ्या बायका. मुलगी लाजली, मुलगी गप्प बसली, मुलगी हो म्हणाली. बिशप हसले, पुरुष ओरडायला लागले, लायक आहे, लायक आहे. कोण लायक? तो. मला कोण विचारतंय. माझं वाक्य तसंच राहिलं इथे, घशात. तिकिटं धाकट्या दिराने वापरली. त्याच्या नातवाचं कापडाचं दुकान आहे तुझ्याच गावात, गेला असशील कधी शर्ट घ्यायला.

आणि जिर्यसला कधी सांगितलं नाही मी. इतका सुखी होता तो वेदीपुढे. त्याला वाटत राहिलं, मी त्याच्यासाठी हो म्हटलं. जाताना, या इथेच, माझा हात धरून म्हणाला, तू हो म्हणालीस म्हणून माझ्या जन्माचं सोनं झालं. मी तेव्हाही गप्पच. म्हणजे त्याच्या दृष्टीने पुन्हा हो. समोर उम्म गत्तास राहते, भिंतीला कान लावून जगते, तिलासुद्धा हे ठाऊक नाही. आणि तुला सांगतेय, परक्याला, माझ्या चुलीवर गाडी लावणाऱ्याला! अशा न दिलेल्या होकारातून मिळालेलं घर आहे हे. मला ते आवडत नाही, पण मी त्याची पुरेपूर किंमत मोजलीय, आणि इथून मी पाय पुढे करूनच बाहेर पडणार. कोणी उचलून नेईल तेव्हा.

आता मी विचारते. नाही, आता माझी पाळी. तू इतका मोठा खूरी, झाडाचं मूळ शोधत समुद्र ओलांडून आलास – तू उद्या बिशपकडे जाशील आणि म्हणशील, खूरिये जिवंत असेतो भवन नको. एक वीट नको. ती गेल्यावर हवं ते बांधा. याला तुझी संमती आहे का? – खिडकीकडे काय बघतोस, तुला विचारतेय. आल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू होता, आजी हे, पूर्वज ते, आता काय झालं? – शोधतोयस ना? चांगलंसं वाक्य शोधतोयस, मला न दुखावणारं. शोध. शोध बाबा, मला ठाऊक आहे कसं असतं ते. – अजून नाही सापडलं?

उम्म गत्तास! ए उम्म गत्तास, खिडकीतच आहेस तू, पडदा हलतोय! पाहुणा गप्प बसला गं! सगळ्यांसमोर विचारलं आणि गप्प बसला! कर, लुलुलुलू कर! – हो, आत्ता! कारण नंतर सांगते, आधी ओरड! – अगं जोरात, शुक्रीच्या घरापर्यंत जाऊ दे! – आणि वरच्या घरातली मरियमसुद्धा लागली! वा! – काय म्हणालास? काहीतरी म्हणालास का? ऐकू येत नाही बाबा या गोंगाटात. उशीर झाला. तू हो म्हणालास, सगळ्या गल्लीने ऐकलं. ऊठ आता. जाताना दार थोडं वर उचलून ओढ, खालून घासतं ते.