शीतलचे डोळे आणि महागडी स्क्रीन

"शीतलचे डोळे गेले म्हणजे..." एवढंच मला जिन्यात ऐकू आलं, आणि बोलता बोलता शेजारच्या मंगलताईंनी, म्हणजे शीतलच्या आईनं, मिक्सर लावला. आता पुढचं कळेना, तर गप्प बसावं की नाही? पण संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या गल्लीत सांगून आले, पोरीची नजर चालली म्हणून.

शेवटी शीतलच हसत दारात आली. "काकू, मी धडधाकट आहे. कंपनीचे बारीक ड्रॉइंग दिवसभर करते ना, म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचाय. चांगल्या स्क्रीनवाला लई महाग आहे. आई म्हणती, डोळे गेले म्हणजे वाचवलेले पैसे काय चाटायचेत? चला, तुम्हीच बघून सांगा."

दुकानात तिनं एकच ड्रॉइंग स्वस्त आणि महाग अशा दोन्ही लॅपटॉपवर लावलं. मी नाक टेकवून बघितलं. "दोन्ही सारखेच धुरकट. स्वस्तातला घे."

"दोन्ही धुरकट?" पोरगी माझ्याकडंच बघायला लागली. लॅपटॉप राहिला तिथंच, रिक्षा थेट डोळ्यांच्या दवाखान्यात. मोतीबिंदू निघाला! ऑपरेशनला तिनंच सुट्टी टाकली, डोळ्यात थेंबही तिनंच घातले. पोटची लेक काय वेगळं करती?

बरी झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. "अगं बाई, ह्या महागातल्या रेघा तर केसासारख्या दिसतात! हाच घे." तिनं तोच घेतला.

गल्लीतल्या बाया अजून टोमणे मारतात, "काय हो, खोटी बातमी दिली होती ना?"

मी म्हणते, "अर्धीच खोटी. डोळे खरंच चालले होते, दार तेवढं चुकलं."