चौथा भाग

नाही म्हटलं ना एकदा, तुमची बायको इथं नाही! सख्खी धाकटी बहीण आहे माझी, मला ठाऊक नसेल होय ती कुठंय ते? नाही ठाऊक. तिथंच उभे राहा, जावईबापू, उंबऱ्याच्या बाहेर — आणि ह्या कात्रीकडे कशाला बघताय, कपडे शिवणाऱ्या बाईच्या हातात कात्री असायचीच.

फरशीवर ते फाडलेलं काय? पुस्तक होतं. त्या रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरचं, कॉलेजातल्या पोरी वाचतात तसलं — चौथा भाग. पहिले तीन तिनंच मला वाचून दाखवले, लग्नाआधी, ती मोठ्यानं वाचणार आणि मी मशीन चालवणार. काय पोरगी होती त्यातली! सोळा वर्षांची, पण तिसऱ्या भागात तिनं त्या मेल्याच्या छातीत लाकडी खुंटा ठोकला, मुंडकं उडवलं, वर रॉकेल ओतून पेटवून दिला. मी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या! आणि चौथ्यात? दुसऱ्याच पानावर हा राखेतून उठून दारात हजर, हातात फुलं. म्हणे, प्रेमापोटी चावलो. आणि ही बया केस बाजूला करून मान पुढं करते! पाचशे पानं तेच — तो चावतो, रडतो, माफी मागतो, ही जखमेला पट्टी बांधते, शेवटी लग्न. लिहिणाऱ्याला काही लाज? आम्ही तीन भाग जीव मुठीत धरून वाचले ते ह्यासाठी?

तुम्हीही फुलं आणलीत, दिसतंय मला. कानातलं ओढून तिच्या कानाची पाळी फाडलीत तेव्हा कुठं होती फुलं? जबडा असा सुजवलात की चमच्यानं दूध पाजलं मी तिला. आणि काल ती शेवटचं पान वाचून मला म्हणते, बघ ताई, तो बदलला. बदलला! डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू — माझं डोकंच फिरलं. पुस्तक हिसकावलं आणि दिलं तोंडावर फेकून, ओठ फुटला तिचा, तरी माझा हात थांबेना, केस धरून भिंतीवर आपटलं, म्हटलं जाशील परत, जाशील —

काल म्हणजे... काल नव्हे. हसताय काय? माझं आणि तुमचं एक नाही! आई गेल्यावर लहानाची मोठी केली मी तिला, तिच्या भल्यासाठीच मी — गप्प! एक शब्द बोलू नका!

थांबा. मागच्या दाराची कडी वाजली? — अगं ए! ऐकत होतीस होय तू?

गेली. खिडकीतून दिसतेय — अनवाणीच पळतेय, मागं वळूनसुद्धा बघत नाही.

ए, कुठं निघालास? पाऊल उचललंस तर ही कात्री बरगडीत घालीन, आईशपथ घालीन! मी जात नाही तिच्यामागं, आणि तूही जायचं नाहीस. उभा राहा.