तळावरचा ‘मं’

मंडळी, बसा. माझ्यासाठी उभे राहू नका. कुणी ऑफिसातून थेट आलात, कुणी पुंगोलहून लहानग्यांना कडेवर घेऊन आलात. माझ्या मुलाला, निखिलला, आज बोलणं जमणार नाही, म्हणून मी उभी राहिले. मी मंजिरीची सासू. सुनेच्या शोकसभेत सासूने बोलायचं, ही वेळ कुणावर येऊ नये. पण आलीच आहे, तर ताठ मानेनं बोलणार.

तुमच्यातल्या पुष्कळांना ती सॉफ्टवेअरवाली मंजिरी म्हणून माहीत. मला आठवते ती कोपरापर्यंत मातीत बुडालेली मंजिरी.

सुरुवात कशी झाली? इथे सिंगापुरात, आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये, तिचं एक वीतभर बोन्साय होतं. त्याची जपानी कुंडी फुटली. तशी दुसरी मिळेना. म्हणाली, “आई, मीच करून बघते.” सुट्टीच्या दिवशी क्लासला जायला लागली. कुंडीसाठी लाटलेल्या मातीच्या लाद्या माझ्या पलंगाखाली वाळायला आल्या. वारा लागला की तडकायच्या, म्हणून खोलीतला पंखा बंद. इथल्या उकाड्यात! मी म्हटलं, “अगं, कुंडी वाळेल तोवर मीच वाळेन.” हसली. पंखा काही लावू दिला नाही.

आणि एवढं करून भट्टीतून कुंडी वाकडी निघायची. पसरट, चौकोनी कुंडी सगळ्यात अवघड. कडा वाकतात. ती टाकून द्यायची आणि पुन्हा माती मळायला बसायची.

मग एक साधली. तिच्यावर तिने कोयऱ्या कोरल्या होत्या. मला फार आवडली. ती घेऊन आम्ही दोघी जपानला गेलो, तोकोनामेला. निखिलला रजा नव्हती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बोन्सायच्या कुंड्या घडवणारी घरं आहेत. त्यातल्या एका आजोबांनी कुंडी घेतली आणि आधी उलटी केली. कुंडीचे पाय पाहिले, पाणी जायची भोकं पाहिली. मान डोलावली. मग सुलटी करून काहीतरी बोलले. आमच्यासोबतची दुभाषी मुलगी म्हणाली, “ते म्हणतात, काम चांगलंय. पण ही कुंडी झाडाला बोलू देत नाही.”

मला राग आला. एवढी देखणी नक्षी! मंजिरीने मात्र वाकून विचारलं, “मला शिकवाल?”

ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्यांच्या दारात. ती उभी, मी बाकावर. दुपारी आजोबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, “या कोण, आई?” मंजिरी म्हणाली, “सासूबाई.” आजोबा इतके हसले! “सासू सोबत आली, म्हणजे ही मुलगी चिवट आहे,” म्हणाले, आणि आत बोलावलं.

मंडळी, त्यानंतरची तिची प्रत्येक रजा तिथे गेली. कोयऱ्या गेल्या. साध्या, तपकिरी, शांत कुंड्या होऊ लागल्या. इथला एक विक्रेता म्हणाला, “तळावर जपानी अक्षरांचा शिक्का मार, हातोहात जातील.” जेवताना ती मला म्हणाली, “आई, काम त्यांच्याकडून शिकले. पण नाव त्यांचं कशाला लावू?” आणि तिने शिक्का केला. आपला देवनागरी ‘मं’. आमची नात ईरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, “मम्मा, नोबडी कॅन रीड लाह!”

“नको वाचू देत,” ही म्हणाली. “विचारतील तरी.”

मग तिचं दुखणं आलं. हात थरथरायला लागले. त्याच सुमारास आजोबांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी वाढवलेला पाइन ते प्रदर्शनात मांडणार होते, आणि तो त्यांनी मंजिरीच्या कुंडीत लावला होता. त्यांच्या स्वतःच्या नाही. मंजिरीच्या.

तिला जाता आलं नाही. फोटो आला. शेजारच्या पाटीवर झाडाचं नाव होतं, आणि कुंडी कुणाची तेही. मंजिरी, सिंगापूर. हॉस्पिटलात मी फोन तिच्यासमोर धरला. “अगं, बघ! तुझी कुंडी!”

तिने फोन जवळ ओढला. म्हणाली, “आई, झाड बघा ना. किती निवांत उभंय.”

ती पुरती शिकली होती हो.

तिच्या हातचं आता नवीन काही होणार नाही, हे मला अजून पटत नाही. पण मी कोणाची सासू होते, हे विचारलं तर छाती भरून सांगेन.

आपण सगळे क्षणभर शांत उभे राहू या. मोठ्यांनी लहानांना नमस्कार करायचा नसतो, असं आपल्यात म्हणतात. आज मी करणार आहे.

मंजिरी, बाळा, नमस्कार.