मुनिसाच्या समेटाचा कागद

—नाही हो बाई, कागद खोटा कसा असेल? मोहल्ला कमिटीचा शिक्का आहे ना त्यावर? मग झालं तर. आधी बसा, उभ्या उभ्या कसलं विचारताय — कोर्टाचं माणूस असलात म्हणून काय झालं, आमच्या मर्गिलान शहरात येऊन चहा न घेता गेलात तर लोक मला हसतील. हं, तर मुनिसाचा घटस्फोट. कोर्टाआधी कमिटीनं समजवायचं, ही रीतच आहे — समजावलं, आणि झाला समेट. ती आणि तिचा नवरा अकमल, दोघांनी वडीलधाऱ्यांसमोर एक नान मोडली, अर्धी त्यानं खाल्ली, अर्धी तिनं. मागच्या गुरुवारी. तसंच लिहिलंय ना? मीच लिहिलंय. बायकांची प्रकरणं सगळी माझ्याकडे — अठरा वर्षं झाली. बत्तीस घरं मोडता मोडता सावरली मी, बत्तीस!

अकमल ना? मारतो — म्हणजे मारतो कसला, हात उचलतो कधीमधी. म्हणून लगेच चूल मोडायची? लग्नाचा पुलाव शिजवायचा तर कढई मोहल्ल्याची, मयत झालं तर खांदा मोहल्ल्याचा, भिंत पडली तर सगळी गल्ली फावडी घेऊन दारात. हे काय फुकट मिळतं? एकेकीनं थोडं सोसायचं, तेव्हा सगळ्यांचं नीट चालतं. मी नाही सोसलं? माझा नवरा रुस्तम — गेला आता बिचारा, त्याच्याबद्दल वाईट बोलू नये — त्यानं दारात बोटं चिरडली होती माझी. हे बघा, हे अजून वाकत नाही. तेवीस वर्षांची होते, गेले होते मीही कमिटीकडे. तिथल्या पांढऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्यांनी चहा पाजला, नान मोडायला लावली, म्हणाले, "पोरी, जा घरी." गेले. एकतीस वर्षं राहिले. म्हणून तर ही खुर्ची मिळाली मला, उगाच नाही.

आणि ही? तिकडे फर्गाना शहरात एकटीनं खोली घेतलीय टवळीनं! शिवणकाम करते म्हणे. मी स्वतः गेले होते समजवायला, भर उन्हात, बसनं. जिना चढते तर आतून हसण्याचा आवाज. म्हटलं, आहे वाटतं कुणीतरी! पण कुणी नव्हतं हो — एकटीच! रेडिओ लावलेला, पाय पसरलेले, आणि टरबूज खात होती. अर्धं टरबूज मांडीवर घेऊन, चमच्यानं, मधला लाल गर आधी! मी आजवर कधी मधला गर खाल्ला नाही — तो सासऱ्यांना, मग नवऱ्याला, मग पोरांना. मला बघून थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणते, "ओपा, या ना, बसा, तुम्हालाही चमचा देते." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या टरबुजाला शिवलेसुद्धा नाही. तशीच मागं फिरले, आणि बसमध्ये सबंध वाटेत एकच — हिला का? हिलाच का, मला का नाही? घरीसुद्धा गेले नाही, सरळ कमिटीत येऊन बसले आणि लिहून टाकला कागद—

काय? कुठल्या दिवशी गेले होते? गुरुवारीच की, गुरुवारी तर—

हं.

हो, नव्हती ती इथं. अकमलनं एकट्यानं मोडली नान. तिची अर्धी मीच गुंडाळून घरी नेली. झालं समाधान? बघताय काय अशा माझ्याकडे? अहो, माझ्याही कागदावर लिहिलं होतं, 'स्वखुशीनं परत गेली'. शिक्काही होता, हाच शिक्का. पण ते खरं की खोटं, विचारायला कोर्टातनं कुणी आलं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही! आणि हिच्यासाठी तुम्ही एवढ्या लांबून आलात, वही-पेन घेऊन. एकतीस वर्षं मी दाराकडे बघत होते, पोरी. हिच्यासाठी आलात.

हा घ्या प्याला. काठोकाठ भरलाय — भरला प्याला हातात दिला की पाहुण्यानं उठायचं असतं, तुमच्या आईनं शिकवलं असेलच. उठा.